वैशाखातला झरा मोजून मगच पाईप घ्यावा

आपण पाठवलेल्या प्रश्नाचा मथितार्थ असा: भोर तालुक्याच्या डोंगराळ भागात, धरणाच्या वरच्या अंगाला आपली ४२ घरांची वाडी आहे. वाडीपासून दीड किलोमीटर अंतरावर आणि सुमारे ९० मीटर उंचीवर एक बारमाही झरा आहे. तो फाल्गुनापासून बारीक होऊ लागतो आणि मेच्या मध्यास तेथे पंधरा लिटरचा हंडा भरायला अडीच मिनिटे लागतात. गावाने वर्गणी जमवली असून पाईपच्या दुकानदाराने दोन इंची पाईप घ्यावा असे सुचवले आहे. काही तरुणांच्या मते त्यापेक्षा बोअर मारलेली बरी, तर वडीलधाऱ्यांच्या मते झऱ्याचे पाणी मुळातच शुद्ध असल्यामुळे त्यात औषध टाकण्याची गरज नाही. झऱ्याहूनही उंचावर धनगरांची चार घरे आहेत आणि त्यांना या योजनेतून पाणी कसे मिळेल, हेही आपण विचारले आहे. डोंगरी वाड्यांच्या पाणीयोजनांवर तीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यानंतर जे मला खात्रीने सांगता येते, तेवढेच येथे लिहितो.

मेमध्ये हंडा भरायला लागणारा वेळ मोजून आपण या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आधीच ओलांडली आहे. अडीच मिनिटांत पंधरा लिटर म्हणजे मिनिटाला सहा लिटर, तासाला ३६० लिटर आणि दिवसरात्र मिळून ८,६४० लिटर. वाडीत घरटी पाच माणसे धरली तर २१० माणसे होतात आणि वर्षातल्या सर्वांत वाईट पंधरवड्यातही माणशी ४१ लिटर पाणी त्या झऱ्यातून बाहेर पडत असते. जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटरचे प्रमाण यापेक्षा अधिक आहे, हे खरे. परंतु त्या दिवसांत आपल्या बायका प्रत्यक्षात घरी किती पाणी आणतात याचा हिशेब केल्यास तो आकडा याच्या निम्म्यावरही जाणार नाही. याचे कारण झरा दुबळा आहे हे नव्हे. पहाटे रांग लागते आणि दिवस मावळल्यावर झऱ्यावर कोणी थांबत नाही, त्यामुळे रात्रीचे दहाबारा तास वाहिलेले सगळे पाणी घळीत जिरून जाते. म्हणून आपल्या वाडीची पहिली गरज आहे ती रात्रीचे पाणी धरून ठेवणारी टाकी. पाईपचा विचार त्यानंतर येतो आणि बोअरचा विचार, माझ्या मते, येऊच नये.

हे मोजमाप एकदाच करून थांबू नका. फाल्गुन पौर्णिमेपासून पहिला पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला एकाच वारी, सकाळच्या एकाच वेळी, एकाच भांड्याने तीन वेळा पाणी मोजावे आणि तिन्ही वेळांची सरासरी एका वहीत लिहून ठेवावी. मोजण्यापूर्वी झऱ्याच्या तोंडाशी साचलेले डबके पूर्ण उपसून पाण्याची पातळी स्थिर होऊ द्यावी, नाहीतर आपण साठलेले पाणी मोजाल आणि तेच झऱ्याचे पाणी समजाल. माझ्या उमेदीच्या काळात एका योजनेचे सर्वेक्षण नोव्हेंबरमध्ये झाले होते. झऱ्याला मिनिटाला चाळीस लिटर पाणी होते, आम्ही त्या आकड्यावर आराखडा केला, घरोघर नळ दिले, आणि मार्चअखेर ते नळ कोरडे पडले. त्या वाडीतल्या बायकांनी पुन्हा हंडे उचलले तेव्हा आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर अजून विसरलो नाही. तेव्हापासून वैशाखातले मोजमाप हाती असल्याशिवाय मी कोणत्याही आराखड्यावर सही केलेली नाही.

आता बोअरविषयी. सह्याद्रीचा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक रचलेले जवळजवळ आडवे थर आहेत. त्यांतला काळा कठीण पाषाण भेगा असतील तेवढेच पाणी धरतो, त्याच्या आगेमागे असलेला सच्छिद्र मांजऱ्या खडक झिजून पाणी मुरवून घेतो, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा जो पट्टा दिसतो तो पाणी खाली जाऊ देत नाही. पठारावर मुरलेले पावसाचे पाणी अशा अभेद्य थरापर्यंत उतरते, तेथे अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कडेला बाहेर पडते. तोच आपला झरा. एकाच डोंगराच्या अंगावर साधारण एकाच उंचीवर झऱ्यांची किंवा ओलाव्याची रांग दिसते, त्याचे कारण हेच. आपल्या डोंगरावर चालून पाहिलेत तर ऐन उन्हाळ्यात जेथे उंबर, जांभूळ किंवा हिरवे गवत टिकून आहे अशा जागा बहुधा त्याच पातळीवर सापडतील. अशा डोंगरउतारावर बोअर मारल्यास दोनच शक्यता अधिक संभवतात. एकतर ती कोरडी जाते किंवा ती त्याच थरातले पाणी खाली वाट करून देते आणि झरा आटतो. झऱ्याला वीजबिल येत नाही, मोटार जळत नाही. तो गमावण्याचा धोका पत्करू नये. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर १९९३ च्या राज्य कायद्यापासून निर्बंध आहेत, हेही त्या तरुणांना सांगावे.

थर आडवे असल्यामुळे आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. झऱ्याला पाणी पुरवणारे क्षेत्र सहसा झऱ्याच्या थेट वरचे पठार आणि त्याचा काठ हेच असते. हिमालयात तसे नसते. तेथे थर कललेले आणि मुडपलेले असल्याने झरा एका उतारावर आणि त्याचे पाणी मुरण्याची जागा डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, असेही आढळते. सिक्कीममध्ये २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या, झरे पुन्हा वाहते करण्याच्या धारा विकास कार्यक्रमात झऱ्यांच्या वर नेमके कोठे चर खणावेत हे ठरवण्यासाठी आधी खडकांचा अभ्यास करावा लागला, आणि त्या कामात पुण्याच्या ॲक्वाडॅम या संस्थेचे भूजलतज्ज्ञ सहभागी होते. आपल्याकडे हा अभ्यास तुलनेने सोपा असला तरी तो टाळू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकाला ग्रामपंचायतीच्या पत्राने बोलावता येते, आणि त्याने एक दिवस डोंगर पाहिला तर पुढची अनेक वर्षांची चूक वाचते.

पठारावर पाणी मुरवण्याचे काम अवश्य करावे. तेथे उथळ समतल चर, जुन्या तळ्यातला गाळ काढणे, ओहोळाच्या वरच्या टप्प्यात अनघड दगडी बांध, आणि झऱ्याच्या वरच्या पट्ट्यात चराईबंदी व कुऱ्हाडबंदी एवढे पुरे आहे. मात्र एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: वाडीच्या डोक्यावर असलेल्या तीव्र उतारावर, जेथे मातीचा जाड थर आहे, तेथे चर खणू नयेत. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळीये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे अतिवृष्टीत डोंगर खाली आला आणि वस्त्या गाडल्या गेल्या. पाण्याने जड झालेली माती उतारावर काय करते, हे आपल्या भागाने पाहिले आहे. उतारावरच्या मातीत मुद्दाम पाणी भरणे हे त्या धोक्यात भर घालणे आहे. मुरवणी पठारावर करावी, उतारावर फक्त झाडोरा राखावा. पावसाळ्यात झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होऊन वाढले किंवा एकाएकी बंद पडले, उतारावर नवी भेग दिसली किंवा झाडे कलली, तर ते पाणीयोजनेचे दुखणे समजून दुरुस्तीला माणूस वर पाठवू नये; आधी घरे रिकामी करावीत आणि तहसीलदार कार्यालयाला कळवावे.

यानंतर झऱ्याचे बांधकाम. या एका टप्प्यावर जितक्या योजना बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत तितक्या दुसऱ्या कोणत्याही टप्प्यावर नाहीत. झऱ्याच्या तोंडावरची सैल माती, पाला आणि दगड हाताने काढत, पाणी खडकातून प्रत्यक्ष जेथे फुटते त्या जागेपर्यंत मागे जावे. सुरुंग किंवा ब्रेकर अजिबात वापरू नये, कारण ज्या भेगेतून पाणी येते तीच हादऱ्याने सरकू शकते. मूळ पाझर उघडा झाला की त्याच्यापुढे स्वच्छ धुतलेले गोटे आणि त्यांच्यापुढे बारीक खडी रचावी, बाजूंनी चिकणमाती ठोकून पाणी आजूबाजूला पळणार नाही अशी व्यवस्था करावी आणि मग पुढे छोटी बंदिस्त पेटी बांधावी. पेटीतले पाणी पाझराच्या मूळ पातळीपेक्षा कधीही वर चढता कामा नये. म्हणून जादा पाणी बाहेर काढणारा पाईप पाझराच्या खाली, आणि वाडीकडे जाणारा पाईप त्याच्याही खाली ठेवावा लागतो. एका ठिकाणी गवंड्याने साठा वाढावा म्हणून पेटीची भिंत दीड हात उंच घेतली. पाण्यावर उलटा दाब आला, त्याने खडकात दुसरी वाट शोधली, आणि पुढच्या वर्षी झरा पन्नास पावले खाली, एका खाजगी शेतात फुटला. तो परत मूळ जागी आला नाही. साठवायचे ते वाडीजवळच्या टाकीत साठवावे, झऱ्यावर नव्हे.

पेटीवर कडा बाहेर आलेले सिमेंटचे झाकण, जादा पाण्याच्या तोंडाला बारीक जाळी, तळाशी गाळ काढण्याचा पाईप, आणि पेटीच्या वर आठदहा मीटरवर पावसाचे वाहते पाणी बाजूला नेणारा एक चर एवढे झाले की बांधकाम पुरे झाले. वरच्या बाजूला निदान तीस मीटरपर्यंत कुंपण घालून तेथे गुरे, शौच आणि कपडे धुणे बंद ठेवावे. गुरांना मात्र पाणी तोडू नये. जादा पाण्याचा पाईप कुंपणाबाहेर एका दगडी डोणीत सोडावा. गुरांची सोय केली नाही तर कुंपण पहिल्याच उन्हाळ्यात मोडते, आणि ते मोडणाऱ्याला दोष देता येत नाही.

पाईपविषयी दुकानदाराचा सल्ला स्वीकारू नका. पाईप मोठा घेतल्याने झऱ्याचे पाणी वाढत नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरच्या पाईपमधून सेकंदाला जेमतेम चार सेंटीमीटर वेगाने सरकते. इतक्या मंद पाण्यातला गाळ खोलगट भागात बसतो, उंचवट्यांवर हवा अडकते आणि पाईप भरलेला असूनही टाकीत पाणी पडत नाही. आपल्याला ३२ मिलिमीटरचा एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकचा पाईप पुरतो. त्यातून मिनिटाला बारा लिटर, म्हणजे मेमधल्या प्रवाहाच्या दुप्पट पाणी नेले तरी घर्षणात दर किलोमीटरला साधारण सहा मीटर उंची खर्च होते, आणि आपल्याकडे तर ९० मीटर उंची आहे. दोन्ही पाईपांच्या किमतीत जो फरक पडेल त्यातून टाकीचा बराच खर्च भागेल.

दाबाचा विचार मात्र नीट करावा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोचा दाब येतो, म्हणजे खालचा व्हॉल्व बंद केला की तळाच्या पाईपवर नऊ किलोचा दाब येणार. बाजारात सहज मिळणारा पाईप सहा किलोचा असतो आणि शेतीसाठी मिळणारी स्वस्त काळी नळी त्याहून कितीतरी कमकुवत असते. म्हणून निम्म्या उंचीवर, सुमारे ४५ मीटर खाली, दाब तोडण्यासाठी एक छोटी उघड्या पातळीची टाकी बांधावी. तेथे पाणी हवेत पडते आणि पुढे दाब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ते जमत नसेल तर खालच्या अर्ध्या लांबीत दहा किलोचा पाईप घालावा. उंचवट्यांवर हवेचे व्हॉल्व आणि खोलगट जागी गाळ सोडण्याचे व्हॉल्व हवेत. उंचीसाठी मोबाइलवरच्या आकड्यावर विसंबू नये. गवंड्याकडची पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन टप्प्याटप्प्याने मोजत उतरावे. एक दिवस जातो, पण आकडा खरा मिळतो.

पाईप शक्य तेथे हातभर तरी पुरावा. उघडा पाईप वणव्यात वितळतो, गुरांच्या पायाखाली चिरडतो, साळिंदर तो कुरतडते आणि उन्हाने तापलेले पाणी कोणी पीत नाही. कातळावरून किंवा घळीवरून जाताना पुरणे शक्य नसेल तेथे लोखंडी जीआय पाईप वापरून तो खडकात पक्का बांधावा.

टाकी वाडीच्या वर, सर्वांत उंच घरापेक्षा निदान आठदहा मीटर उंचीवर असावी आणि ती १०,००० लिटरची धरावी, म्हणजे दिवसरात्रीचे सगळे पाणी मावून थोडी जागा उरते. फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेली टाकी डोंगरात सोयीची पडते, कारण डोक्यावरून न्यायचे सामान कमी लागते. नळ घरोघरी द्यावेत की चारपाच ठिकाणी सार्वजनिक द्यावेत, यावर मी ठाम मत देणार नाही. पण घरोघरी दिल्यास उन्हाळ्यात ठरावीक वेळीच पाणी सोडावे लागेल आणि उताराच्या खालच्या घरांना अधिक पाणी जाणार नाही यासाठी प्रत्येक गल्लीला स्वतंत्र व्हॉल्व लागेल. वरच्या आणि खालच्या आळीतले भांडण पाण्याच्या टंचाईपेक्षा या एका व्हॉल्वच्या अभावाने अधिक वेळा पेटते.

आता शुद्धतेकडे येतो. वडीलधाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. खडकातून गाळून आलेले पाणी पाझराच्या तोंडाशी बहुधा चांगले असते, परंतु आपल्या मांजऱ्या खडकातल्या आणि जांभ्यातल्या वाटा रुंद असतात, आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर पठारावरची घाण काही तासांत झऱ्यात उतरू शकते. हगवण आणि कावीळ या दिवसांतच का येते, याचे उत्तर बहुतेक वेळा येथे सापडते. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते यावर विश्वास ठेवू नये. पाण्यातले जंतू तपासण्याची एच-टू-एसची बाटली खुणेपर्यंत भरून एकदोन दिवस ठेवली आणि पाणी काळे पडले, तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू आहेत असे समजावे. अशी चाचणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात करावी, आणि वर्षातून एकदा रासायनिक तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकीतच वापरावी, झऱ्यावर नाही. ताजी पावडर असल्यास हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला ५० ग्रॅम लागते. ती प्लास्टिकच्या बादलीत कालवून अर्धा तास ठेवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि फक्त वरची निवळी टाकीत ओतावी. त्यानंतर अर्ध्या तासाने पाणी सोडावे. शेवटच्या घरच्या नळाचे पाणी घेऊन क्लोरिन तपासणारी ओटी टेस्ट करावी आणि त्यात फिकट पिवळा रंग येतो का ते पाहावे, कारण लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शेवटच्या नळापर्यंत टिकले पाहिजे. रंग येत नसेल तर मात्रा वाढवण्यापूर्वी पावडर जुनी किंवा ओली झाली आहे का ते पाहावे. पाणी गढूळ असताना औषध नीट काम करत नाही. त्या दिवसांत झऱ्याचे पाणी टाकीत न घेता बाहेर सोडून द्यावे आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पावसाळ्यात पाण्याची मुबलकता असल्याने हे परवडते.

कागदपत्रांचे दोन विषय काम सुरू होण्यापूर्वी मिटवावेत. झरा किंवा पाईपची वाट कोणाच्या सातबाऱ्यात येत असेल तर तोंडी होकारावर काम सुरू करू नये. आजोबांनी दिलेला शब्द नातू पाळतोच असे नाही, म्हणून लेखी संमती घेऊन ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावी. वाट वनजमिनीतून जात असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये पिण्याचे पाणी आणि जलवाहिन्यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे, मात्र हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. हा ठराव पहिल्याच ग्रामसभेत करून घ्यावा.

देखभालीसाठी एक माणूस नेमून त्याला दरमहा ठरलेला मोबदला द्यावा आणि त्यासाठी पाणीपट्टी पहिल्या महिन्यापासून घ्यावी, नळ सुरू झाल्यावर वर्षाने नव्हे. पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा महिलांच्या असाव्यात असे शासनाचे सूत्र आहे. मी त्यापुढे जाऊन म्हणेन की टाकीची किल्ली आणि मोजमापाची वही महिलांकडेच असावी, कारण झऱ्याचे पाणी कोणत्या आठवड्यात किती उतरते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दुरुस्तीच्या पेटीत चार जोडण्या, दोन नळ, एक व्हॉल्व आणि दहा मीटर पाईप कायम असावा. सामान आणायला तालुक्याला जावे लागले की एका गळतीचे आठ दिवस होतात.

राहिली धनगरांची चार घरे. उताराच्या जोरावर त्यांना पाणी मिळणार नाही आणि चार घरांसाठी मोटार बसवून ती सांभाळणे वाडीला झेपणार नाही. त्यांच्यासाठी छपरावरचे पाणी हाच योग्य मार्ग आहे. तीस चौरस मीटरच्या पत्र्यावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वगळून साठ हजार लिटर पाणी मिळते, आणि पाच माणसांना माणशी पंधरा लिटरप्रमाणे १२० दिवस पुरवायला ९,००० लिटर लागते. म्हणजे घरटी १०,००० लिटरची एक झाकलेली फेरोसिमेंटची टाकी पुरेल. पहिले दोनतीन पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्यावा, पन्हळीच्या तोंडाला जाळी लावावी, टाकी सप्टेंबरात भरून बंद करावी आणि माघ संपेपर्यंत उघडू नये. तोपर्यंत आसपासच्या ओहोळांचे पाणी इतर वापराला आणि उकळून पिण्याला चालते. या चार टाक्यांचा खर्च वाडीच्या योजनेच्या अंदाजपत्रकातच धरावा आणि त्या मुख्य टाकीच्या आधी बांधाव्यात. सामान वर नेणारी माणसे आणि गवंडी त्या वेळी डोंगरावर असतात. काम संपून ते खाली उतरल्यावर चार घरांसाठी पुन्हा कोणी वर जात नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.